कमरोद्दीन सरांनी मोकळी सोडलेली जागा

कमरोद्दीन सर पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं.

"ही वायर कुठं जाते, ताई?"

"ती इंटरनेटची आहे, सर."

"म्हंजे इथं लिवलेलं बाहेर जाते."

"मी पाठवलं तर जातं."

"अन् तुमी नाई पाठवलं तर?"

मी उठून वायर काढली. तेव्हा कुठे सर बसले. कापडी पिशवीतून त्यांनी एक फाइल काढली आणि तिच्यातली पानं माझ्यासमोर मोजली. बेचाळीस. मग मला मोजायला लावली. माझीही बेचाळीसच भरली, तर म्हणाले, "ठीक. आता लिहून द्या." बेचाळीस पानं मिळाली, असं मी कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मग पाणी मागितलं.

अमरावतीत राजापेठेजवळ माझी एक खोली आहे. तिथं मी मराठी टायपिंग आणि पुस्तकांची मांडणी करते. प्रबंध, स्मरणिका, पत्रिका, जे येईल ते. सरांना माझ्याकडे पाठवलं होतं अकोल्याच्या घनश्यामभाऊंनी. त्यांचं काष्ठौषधीचं दुकान आहे, सुंठ, हिरडा, अश्वगंधा विकणारं, आणि दुकानाच्या नावानं ते घरगुती औषधांची छोटी पुस्तकंही छापतात. ती मीच तयार करून देते. सरांचं पुस्तकही भाऊच छापणार होते. फोनवर भाऊ एवढंच म्हणाले होते, "एक मास्तर येऊन राहिले तुमच्याकडं. माणूस विद्वान हाये, पण जरा शंकेखोर हाये. सांभाळून घ्या."

'जरा' हा शब्द त्यांनी उगाच वापरला होता.

सर सत्तरीच्या पुढचे. अंगानं काटक. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, उन्हाळ्यातसुद्धा. अंजनगाव सुर्जीच्या एका उर्दू शाळेत त्यांनी सारी नोकरी काढली, आणि तीही मराठीचा मास्तर म्हणून. "इकडच्यायले वाटे हा तिकडचा, तिकडच्यायले वाटे हा इकडचा," ते सांगत. "माह्यावर शंका घेतली तर मले राग येत नाई. मले सवय हाये." बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण हातात पेन आलं की एकदम व्याकरणाच्या पुस्तकातलं मराठी. अरबी आणि फारसी वडिलांजवळ शिकलेले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर ते अकोल्याच्या जुन्या शहरात विधवा मोठ्या बहिणीकडे राहायला आले. तिला सगळी गल्ली आपा म्हणे, मीही आपाच म्हणू लागले.

आपाची एक गंमत मी पहिल्याच भेटीत पाहिली. सरांनी बाजारातून संत्री आणली होती. एक सोलून त्यांनी फोड आपापुढे धरली, तर ती म्हणाली, "पैले तू खा." सरांनी ती फोड खाल्ली, क्षणभर थांबले आणि दुसरी तिला दिली. ती तिनं घेतली. मी हसले. दोघांपैकी कुणी हसलं नाही.

फाइलीत होतं ते एका अरबी हस्तलिखिताचं मराठी भाषांतर. कित्येक शतकांपूर्वी बगदादकडच्या कुणा हकिमानं लिहिलेली कराबादीन. कराबादीन म्हणजे मिश्र औषधांचं पुस्तक: कोणत्या दुखण्यावर काय काय घ्यायचं, किती वजनाचं, कसं कुटायचं, कशात कालवायचं. तिची हातानं उतरवलेली एक प्रत अंजनगावच्या शेवटच्या हकिमांच्या घरी होती. सरांच्या तरुणपणी हकीम गेल्यावर मुलं ती रद्दीत घालायला निघाली, तेव्हा हकिमांच्या बायकोनं ती सरांच्या हवाली केली. सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळे पुस्तक कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही. एका प्राध्यापकांनी सरांना सुचवलं होतं की एखाद्या थोर हकिमाचं नाव लावून द्या, भाषा तर तशीच दिसते.

"मोठं नाव लावलं की लोक वाचत नाईत, ताई, नुसता सलाम करतात," सर मला म्हणाले. "नाव नाई तेच बरं हाये. आता प्रत्येक ओळीले तिचा तिनंच जबाब द्यावा लागते."

मराठीतच का, असंही मी विचारलं होतं. उर्दूत अशी पुस्तकं आहेत, त्यांनी सांगितलं, जुनी, शिळाछापाची, पण त्यात एकानं चूक केली की पुढच्या चौघांनी ती डोळे मिटून उतरवली. मराठीत अजून कुणी चूक केलेली नाही. "कोरी पाटी हाये. तिच्यावर पहिली घाण माही नको."

पहिली बेचाळीस पानं मी आठ दिवसांत टाइप केली. सर एसटीनं आले. त्यांनी लिहिलेलं पान आणि माझं पान शेजारी ठेवून बोटानं ओळ न ओळ तपासू लागले. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"इथं मी काय लिवलं होतं?"

मी पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं, 'सुंठ पाण्यात तळून घ्यावी.' मी टाइप केलं होतं, 'सुंठ तुपात तळून घ्यावी.' पाण्यात कुणी तळत नाही. सरांच्या हातून चूक झाली असणार म्हणून मी ती सरळ केली होती आणि मनात थोडा अभिमानही होता.

"दुरुस्त काहून केलं?"

"सर, पाण्यात कसं तळणार?"

"ते मले इचारायचं. फोन हाये ना तुमच्यापाशी?" ते जराही चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं. "ती चूक मी मुद्दाम टाकली होती. तुमी जसंच्या तसं उतरवता, माशीवर माशी मारता, का हुशारी करता, हे पाहाले. माशी मारणारा परवडते. हुशारी करणारा माणूस औषधाच्या पुस्तकात फार वाईट."

मला संताप आला. माझी परीक्षा घेणारे हे कोण? काम परत करायचं, असं मी ठरवूनही टाकलं. पण दुसरी फाइल येऊन पडली होती, आणि तिच्यातही काही पेरलं असेल या धास्तीनं मी तिची प्रत्येक ओळ दोनदा वाचली. वाचता वाचता त्या पुस्तकात गुंतले ती गुंतलेच. पुढच्या वर्षभरात सरांनी एकूण किती सापळे लावले ते मला माहीत नाही. मला अकरा सापडले.

एकदा अकोल्याला त्यांच्या घरी गेले तर खाली वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर तीन पुड्या उघड्या. तिन्हींत मुळ्यांचे तुकडे. एक पांढरट जाड, एक पिवळी बारीक, एक चक्क गाठाळ.

"तीन दुकानांत गेलो," सर म्हणाले. "तिन्ही ठिकाणी एकच बोललो, पांढरा बहमन द्या. नाव एक, मुळ्या तीन. अन् तिघंही म्हणत, हाच असली."

त्यातली एक पुडी घनश्यामभाऊंच्या दुकानातली होती.

"आता मी पुस्तकात 'पांढरा बहमन' लिवलं तर माहं भाषांतर बरोबर. कोणी बोट ठेवू शकत नाई. पण वाचणारा दुकानात गेला की त्याचं काय होईन?"

त्या दिवसापासून त्यांनी पद्धतच पाडली. वनस्पतीची खात्री असेल तर सरळ मराठी नाव. अर्धी खात्री असेल तर नावापुढे 'बहुधा'. आणि मुळीच नसेल तर अरबी नाव तसंच ठेवून पुढे 'ठाऊक नाही'. हे 'ठाऊक नाही' इतक्या वेळा आलं की टाइप करताना मला लाज वाटू लागली. वाचणारा म्हणेल, काही ठाऊकच नव्हतं तर हा माणूस लिहायला बसला कशाला?

अगदी खळखळून हसताना मी त्यांना एकदाच पाहिलं. दार-फुलफुल म्हणजे आपली पानपिंपळी. त्या बगदादी हकिमानं लिहिलं होतं की हे मिऱ्याच्याच झाडाचं कोवळं फळ आहे, झाडावर राहिलं की त्याचंच मिरं होतं. सर हे मला वाचून दाखवताना इतके हसले की आपा स्वयंपाकघरातून पाहायला आली. अंजनगावात पानमळ्यांच्या जोडीनं पानपिंपळीचे मळे, आणि सरांच्या शाळेतली कितीतरी पोरं त्या मळ्यांतून यायची.

"व्यापाऱ्यानं सांगतलं अन् यानं मानलं. अंजनगावले आला असता तर पाचवीतल्या पोरानं त्याले वेल दाखवला असता."

तरी मजकुरातलं एक अक्षर त्यांनी बदललं नाही. खाली टीप दिली: 'हे चूक आहे. अंजनगाव सुर्जी येथे येऊन पाहावे.'

घोटाळा झाला तो झोपेच्या प्रकरणात. दुखण्यानं झोप न येणाऱ्या माणसासाठी एक माजून होतं, म्हणजे मधात कालवलेलं चाटण. त्यात सात वस्तू. चार सांगितल्या होत्या, पाचवीच्या जागी नुसता कंस, आत काही नाही, वजनसुद्धा नाही, आणि पुढे उरलेल्या दोन. 'ठाऊक नाही' असंही लिहिलेलं नव्हतं. सर विसरले असतील किंवा हा बारावा सापळा असेल, असं समजून मी फोन केला.

"ती जागा मोकळी राहीन," सर म्हणाले.

"का, सर?"

"मोकळी राहीन म्हटलं ना." आणि फोन ठेवला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

घनश्यामभाऊंना पानं दाखवली तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून त्या कंसाकडे पाहत राहिले.

"ताई, मी या धंद्यात जलमलो," ते म्हणाले. "सहा वस्तू सांगते अन् सातवी लपवते, त्याचा अर्थ एकच. खरा नुस्खा त्याच जागेत हाये. मास्तरनं तो दुसऱ्या कोनाले द्यायचं ठरवलं असन. नागपूरच्या औषध कंपनीचा एक मानूस त्यायच्या घरी येऊन गेला, मले मालूम हाये."

"सर तसे नाहीत, भाऊ."

"तसे नाईत तं भरून काहून देत नाईत? मी खड्डा ठेवून पुस्तक छापत नसतो. तुमी असं करा, जायफय लिहून टाका. झोपेच्या औषधात जायफयच असते. अन् जायफयानं कोनी मरत नाई."

मी त्यांच्यासमोर नाही म्हटलं. पण त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. पुढच्या वेळी अकोल्याला गेले तेव्हा मी आपाला सहज विचारलं, नागपूरहून कुणी आलं होतं का? "हां, आया था एक," ती म्हणाली. "चाय पीके गया." म्हणजे ते खरं होतं. मग मला आणखी दिसू लागलं. हस्तलिखिताची बाकीची पानं सर मला बिनदिक्कत दाखवत, पण एक पान ते निराळं, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवत, वर मोरपीस. ते पान त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं. मी इतके दिवस विचारलं नव्हतं इतकंच.

घरी येऊन मी कंसात 'जायफळ' टाइप केलं. तात्पुरतं, असं स्वतःला सांगितलं. सरांनी मला इतकं शिकवूनही मी तेच केलं, आणि या वेळी तर न विचारता, ठरवून.

त्यानंतरच्या भेटीत सर दुपारच्या नमाजला गेले. आपा मागच्या अंगणात होती. मी कपाटातलं फडकं काढलं आणि उघडलं.

आत ते पान होतं. मधोमध किड्यानं पाडलेलं भोक, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि पानाला टाचलेली एक चिठ्ठी, सरांच्या हातची, उर्दूत. मला उर्दू वाचता येत नाही. मी मोबाइलवर फोटो काढला, सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि सर परत येईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसले. अक्षर एक दिसत नव्हतं.

आमच्या गल्लीत रफिकभाई शिंपी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी मशीन थांबवून वाचलं: "यहां मैंने अपनी तरफ से पढ लिया. आपा. खुदा माफ करे." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोणाची चिठ्ठी हाये, ताई? कोणी मेलं का?"

मला त्या संत्र्याच्या फोडीची आठवण झाली. घनश्यामभाऊंची शंका त्यापुढे फारच साधी वाटू लागली. सरांनी आपाला काय केलं होतं, आणि ती इतकी वर्षं त्यांच्या हातचं तपासून का खात होती? पंधरा दिवस मी अकोल्याला गेले नाही. फोन आला तर कामाची सबब सांगितली. शेवटी सरांनीच निरोप धाडला: पानं तयार आहेत, घेऊन जा.

गेले तेव्हा आपा दारात मेथी निवडत बसली होती. सरांनी मला समोर बसवलं. फडकं बाहेरच ठेवलेलं होतं.

"मोरपीस तुमी उलटं ठेवलं," ते म्हणाले.

मी फडक्याकडे पाहिलं.

"शंका आली तर उघडून पाहाच. मी कोणाले मना केलं नाई. पण इचारून पाहा. चिठ्ठी वाचून घेतली?"

"घेतली."

"मग आता राहिलेलं आयका."

त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. भोकाच्या आधीचा शब्द बोटानं दाखवला. "हे जौज. नुसतं जौज म्हंजे अक्रोड. पण इथं पुढं आणखी एक शब्द होता, तो किड्यानं खाल्ला. उरली फक्त त्याच्या शेवटची ही एक उभी रेघ. दिसते? ही अलिफ हे अक्षर असन तर शब्द होते जौज बव्वा. म्हंजे जायफळ. अन् ही लाम या अक्षराची वरची अर्धी रेघ असन, खालचा वाकडा भाग किड्यानं नेला असन, तर शब्द होते जौज मासिल. म्हंजे धोतरा."

त्यांनी पान परत फडक्यात ठेवलं.

"तवा मी अंजनगावले एकटा राहो. आपा सुट्टीत आली. गुडघे दुखत, झोप नाई. माह्यापाशी किताब. मी जवान होतो, शहाणा होतो. म्हटलं, जायफळ तर घरची बाईबी घालते. एवढ्या मोठ्या हकिमानं काही भारीच घातलं असन. मी धोतरा वाचला. वजन तर लिवलेलंच नव्हतं, ते बी मीच लावलं. माजून केलं, चाटवलं." त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. "दोन दिवस गोधडीवरचे फुलं वेचत होती ही. मले म्हणे, तू कोण? माह्या भावाले बोलवा."

"सरकारी दवाखाने में ले गया मुझे," आपा मेथी निवडतच म्हणाली. "तीसरे दिन होश आया तो डॉक्टर बोला, किसने दिया? पुलिस में लिखना पडेगा. मैं बोली, मैंने खुद खाई. भाजी समझ के."

"ती खोटं बोलली म्हणून माही नोकरी राहिली," सर म्हणाले.

"अब छोड ना वो." आपानं माझ्याकडे पाहिलं. "तब से मैं बोलती, पैले तू खा. मजाक में बोलती, बेटी. ये हर बार सच्ची समझ के खाता."

मग मी विचारलं, कारण मला ते विचारणं भाग होतं, "पण सर, आता जायफळ लिहिलं तर काय बिघडतं? त्यानं तरी कुणाला अपाय होणार नाही."

"कारण ते काय होतं हे मले आजबी मालूम नाई. धोतराच असन अन् माह्या वजनानं घात केला असन. जायफळ असन. तिसरंच काही असन. मी जायफळ लिवलं तर ते माहं पुस्तक झालं, त्याचं नाई. एकदा मी त्याच्या तोंडात माहा शब्द घातला. पुन्हा नाई."

"मग बाकी ठिकाणी लिहिलं तसं 'ठाऊक नाही' लिहा."

"जिथं फक्त ठाऊक नाई तिथं ते लिवलं. इथं मी काय केलं ते मले ठाऊक हाये."

"आणि तो नागपूरचा माणूस?"

"तो म्हणे, ती वस्तू सांगा, कंपनी तुमचं नाव करीन. मी म्हटलं, किड्याले इचारा."

परतताना एसटी मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. खिडकीशी मी एकच गोष्ट घोळवत होते: कंसातलं 'जायफळ' गुपचूप काढून टाकावं, की सांगावं. गुपचूप काढलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. घरी आल्याबरोबर मी ते काढलं आणि सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"काढलं?"

"काढलं, सर."

"आणखी कुठं असन. पाहा."

"नाही सर. तेवढंच होतं."

"सूचीत पाहा."

पुस्तकाच्या शेवटी औषधांची सूची होती, कॉम्प्युटरनं आपोआप केलेली. मी उघडून पाहिली. 'ज' अक्षराखाली जायफळ, आणि पुढे इतर पानांच्या आकड्यांत त्या पानाचाही आकडा. मी तो पुसला. सरांनी फोन ठेवला नव्हता. "होतं ना?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर म्हणाले, "चूक कधी एकटी राहत नाई."

मोकळ्या कंसासकट पुस्तक छापायला घनश्यामभाऊ तयार नव्हते. सर स्वतः त्यांच्या दुकानात गेले, मलाही बोलावलं. भाऊंनी गल्ल्यावरून न उठता सांगितलं, "मास्तर, गिऱ्हाईक म्हनीन छपाई खराब हाये."

सरांनी मागच्या फळीवरच्या बरण्यांकडे पाहिलं. "भाऊ, एखाद्या बरणीवरची चिठ्ठी पडली, तर आत काय हाये ते अंदाजानं देता का गिऱ्हाइकाले?"

"नाई देत."

"काहून?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला भाऊंनी ओवा दिला, तो गेला. मग म्हणाले, "पुस्तकात लिहा मंग, की याले दुकान जबाबदार नाई." सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथंच, काउंटरवर, कागद घेऊन लिहिलं: 'या पुस्तकातील चुकांना दुकान जबाबदार नाही. मी आहे.' खाली सही केली. ते वाक्य पहिल्या पानावर तसंच छापलं आहे.

पुस्तक फार खपलं नाही. पण विकत घेणाऱ्यांनी ते वापरलं एवढं खरं. एका वैद्यांकडे सरांना त्यांची प्रत दिसली. त्या कंसात बॉलपेननं 'जायफळ' लिहिलेलं. दुसऱ्या एकाच्या प्रतीत 'अक्रोड'. तिसऱ्यानं 'खसखस' लिहून वजनही टाकलं होतं. सर हे सांगताना रागावले नव्हते, दमले होते. "माणसाले मोकळी जागा पाहवत नाई, ताई. मी तरी काहून म्हणू? मलेच पाहवली नव्हती." त्यानंतर नवी प्रत कुणाला द्यायची तर ते आधी ते पान उघडून दाखवत आणि सांगत, इथं काही लिहू नका.

पुढच्या वर्षी आपा गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत. मी भेटायला गेले तेव्हा सर तिच्या औषधांच्या कागदावर एकेक गोळीचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. डॉक्टरांवर त्यांचा संशय नव्हता, असं ते म्हणाले. फक्त पाहून घेतो.

मग एके दिवशी त्यांचा फोन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, अकोल्यातच. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं आणि दवाखान्याचा फॉर्म वाचून दाखवायला कुणी हवं होतं. "पुतण्या हाये," ते म्हणाले. "पण तो वाचत नाई, नुसता हो म्हणते. तुमी या."

मी गेले. बाकावर त्यांच्या शेजारी बसून संमतीचा फॉर्म मोठ्यानं वाचू लागले. नाव, वय, कोणता डोळा, भूल कशी देणार. खाली एक ओळ होती की क्वचित नजर जाऊ शकते. ती मी गाळली आणि पुढची वाचली.

"थांबा," सर म्हणाले. "मधात काही सोडलं तुमी."

"काही नाही, सर, नेहमीचंच असतं ते."

"वाचा."

मी वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "हं. आता फॉर्म खरा वाटते. सही कुठं करू?" मी बोट टेकवलं तिथं त्यांनी चाचपत सही केली, मराठीत, पूर्ण नावानं.

ऑपरेशन चांगलं झालं. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, दिसतं म्हणायचे, अगदी स्वच्छ. पण माझं अकोल्याला जाणं राहून गेलं, आणि पावसाळ्याच्या आधी, एका दुपारी जेवून उठताना, ते गेले. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दवाखान्याच्या बाकावर, सही झाल्यानंतर.

एक नर्स डोळ्यात टाकायचं औषध घेऊन आली. विशीतली असेल, घाईत होती.

"बाबा, वर पाहा."

"काय टाकून राहिली, बेटा?"

"ड्रॉप आहे, बाबा. सगळ्यांनाच टाकतो."

"बाटलीवर काय लिवलं ते वाच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं बाटली उजेडाकडे वळवली आणि नाव वाचलं. एकदम नाही जमलं तर थांबली, पुन्हा पाहिलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. मग कुणी विचारलं नसताना कोणत्या महिन्यापर्यंत चालतं तेही वाचून सांगितलं.

"शाबास," सर म्हणाले. त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळा उघडा धरला.